इंग्लंडच्या शेतांतल्या पीकखुणा: स्विंडन ते नॉर्फोक

बुजलेला खंदक, गाडलेला भिंतीचा पाया किंवा हजारो वर्षांपूर्वी भरून गेलेला खड्डा वरच्या पिकाच्या रंगात आणि उंचीत उमटतो. ही पीकखूण उभ्या माणसाला सहसा दिसत नाही. विमानातून मात्र अख्ख्या गावाचा आराखडा डोळ्यांसमोर येतो. ज्यांना हा विषय मुळापासून पाहायचा आहे त्यांनी इंग्लंडला जावे. तिथे शंभर वर्षांचे हवाई फोटो सांभाळून ठेवलेले आहेत आणि ते फोटो जिथे काढले त्या शेतांच्या कडेने सार्वजनिक पायवाटा जातात.

हा प्रवास जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुरू केला. तारखांना कारण आहे. हिवाळी बार्ली जूनअखेर पिवळी पडायला लागते, गहू तिच्या मागून दोन-तीन आठवड्यांनी. या मधल्या दिवसांत बार्लीत पिवळ्यावर हिरवी रेघ आणि गव्हात हिरव्याच्या दोन छटा, असे दोन्ही प्रकार एकाच फेरीत मिळतात. मात्र मे आणि जून कोरडे गेले असतील तरच निघण्यात अर्थ आहे. आठवड्याआड चांगली सर पडत राहिली, तर सगळे शेत सारखेच हिरवे राहते आणि फेरी फुकट जाते.

पहिला दिवस: स्विंडन

सुरुवात शेतात नाही, कागदपत्रांत. स्विंडनला रेल्वेच्या जुन्या कारखान्याच्या आवारात हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेचा संग्रह आहे. हवाई फोटोंची संख्या चाळीस लाखांच्या घरात जाते. वाचनकक्षात बसायचे तर आधी वेळ घ्यावी लागते. ज्या जागेचे फोटो हवेत तिचा ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याच्या ग्रिडमधला मध्यबिंदू आणि भोवतालची त्रिज्या कळवायची. त्रिज्या एक किलोमीटरपेक्षा मोठी दिली की फोटोंचा ढीग समोर येतो आणि दिवस त्यातच संपतो.

फोटो दोन जातींचे असतात. सरळ खाली रोखलेल्या कॅमेऱ्याचे उभे फोटो आणि खिडकीतून हातात कॅमेरा धरून काढलेले तिरपे फोटो. उभ्या फोटोंत लागोपाठच्या दोन चौकटी सुमारे 60 टक्के एकमेकींवर येतात. त्यामुळे स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे दोन डोळ्यांना दोन फोटो दाखवणाऱ्या भिंगांखाली, जमिनीचा चढउतार उठून दिसतो. 1946 नंतरच्या दोन-तीन वर्षांत रॉयल एअर फोर्सने काढलेली मालिका याच पद्धतीची आहे. पीकखुणांसाठी ती फार कामाची नाही, कारण उड्डाणे वर्षभर चालत आणि पिकाचा हंगाम साधलेला नसे. तिचा खरा उपयोग वेगळा आहे. जो बांध 1946च्या फोटोत अजून उंचवट्याच्या रूपात आहे, तोच 1976च्या फोटोत फक्त पिकाचा रंग होऊन उरला असेल, तर मधल्या तीस वर्षांत नांगराने काय केले ते समोर मांडलेले असते.

संध्याकाळी शेते निवडायची. चार नकाशे एकावर एक ठेवून पाहिले की काम सोपे होते: ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेचा भूस्तर नकाशा, एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा एक मीटरचा लायडार (विमानातून लेसरने मोजलेली जमिनीची उंची), मागच्या वर्षांत कुठल्या शेतात काय पेरले होते ते दाखवणारा इंग्लंडचा पीक नकाशा आणि गूगल अर्थमधल्या जुन्या तारखांच्या प्रतिमा. 2018 आणि 2022 या कोरड्या उन्हाळ्यांच्या प्रतिमा मिळाल्या तर आधी त्या उघडाव्यात. पीक नकाशावरून फेरपालट कळते. गेल्या वर्षी बीट होते तिथे यंदा गहू किंवा बार्ली असण्याची शक्यता बरी. वाटाणा, बटाटा, मका ही पिके खुणा अगदी अंधूक दाखवतात, तिथे वेळ घालवू नये.

अशा रेघा विमानाच्या आधीही लोकांना दिसत होत्या. केंटमधल्या रिचबरो इथे धान्य उगवले की जुन्या रस्त्यांच्या जागी ते विरळ येते आणि रस्ते एकमेकांना छेदताना दिसतात, असे विल्यम कॅम्डेनने ‘ब्रिटानिया’त लिहून ठेवले आहे. गावकरी त्या छेदाला सेंट ऑगस्टिनचा क्रूस म्हणत. पुढे 1719मध्ये विल्यम स्टकलीने एसेक्समधल्या ग्रेट चेस्टरफर्डला पिकात रोमन देवळाचा आराखडा पाहिला.

दुसरा दिवस: वुडहेंज आणि स्टोनहेंजचा हमरस्ता

एम्सबरी गावाच्या उत्तरेला, स्टोनहेंजपासून तीन किलोमीटरवर वुडहेंज आहे. डिसेंबर 1925मध्ये स्क्वाड्रन लीडर गिल्बर्ट इन्सॉलला विमानातून इथे एक गोल कडे आणि मधोमध ठिपके दिसले. तोवर ही जागा नांगरलेली, झिजलेली एक साधी थडगेटेकडी समजली जाई. इन्सॉल पुढच्या जुलैत गहू उभा असताना पुन्हा आला, आणि त्या फोटोत ठिपक्यांच्या ओळी इतक्या स्वच्छ आल्या की शंकेला जागा उरली नाही. मॉड आणि बेन कनिंग्टन यांनी 1926पासून उत्खनन केले. लाकडी खांबांच्या खड्ड्यांची एकात एक अशी सहा लंबवर्तुळे निघाली. एकूण 168 खड्डे. सर्वांत बाहेरचे लंबवर्तुळ 43 बाय 40 मीटरचे. भोवती सपाट तळाचा खंदक, 2.4 मीटर खोल आणि जागोजाग 12 मीटरपर्यंत रुंद.

आज प्रत्येक खड्ड्याच्या जागी काँक्रीटचा बुटका खांब आहे आणि कड्यागणिक माथ्याचा रंग वेगळा आहे. या खांबांमधून चालून घ्यावे, कारण फोटोतला ठिपका प्रत्यक्षात केवढा असतो याचा अंदाज इथे पक्का होतो. बाहेरून तिसऱ्या कड्याचे खड्डे सर्वांत मोठे आणि खोल. 1926च्या फोटोतही हेच कडे सर्वांत ठळक आहे. खड्डा जितका खोल तितकी खूण गडद, हा नियम इथे पायाखाली तपासता येतो.

इथली जमीन चॉकची म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडकाची, वर वीस-तीस सेंटिमीटर माती. चॉकचा स्वभाव रेतीपेक्षा वेगळा आहे. त्याच्या बारीक छिद्रांत पाणी भरपूर असते आणि ते केशाकर्षणाने हळूहळू वर येत राहते. म्हणून चॉकवरचे पीक रेतीवरच्या पिकाच्या मानाने उशिरा पाण्याच्या ताणात येते आणि खुणाही उशिरा उठतात. जूनअखेरीस इथे काही दिसले नाही तर निराश होऊ नये. जुलैच्या मध्याला तेच शेत बोलायला लागते.

दुपारी हमरस्ता. स्टोनहेंजपासून निघून एव्हन नदीकडे जाणाऱ्या या समांतर खंदकांच्या रस्त्याचा पूर्वेकडचा भाग नांगराने पुसून टाकला होता. ऑर्डनन्स सर्व्हेचा पहिला पुरातत्त्व अधिकारी ओ. जी. एस. क्रॉफर्ड याला 1923मध्ये रॉयल एअर फोर्सच्या 1921च्या फोटोंत त्या दोन रेघा सापडल्या. त्याने त्याच शरद ऋतूत आडवे चर घेऊन दोन्ही खंदक जमिनीत गाठले. फोटो वाचायचा, नकाशावर बसवायचा, मग मोजका चर घेऊन खात्री करायची, ही पद्धत तिथून रुळली. त्याच्या पुढच्याच वर्षी क्रॉफर्ड आणि अलेक्झांडर किलर यांनी भाड्याचे विमान घेऊन दक्षिण इंग्लंडमधला वेसेक्सचा प्रदेश पालथा घातला.

खुद्द स्टोनहेंजच्या वर्तुळात गवत आहे, आणि गवत हे सर्वांत सोशिक. त्याच्यावर खूण उठायला ताण फार मोठा लागतो. 2013च्या कोरड्या जुलैत तो बसला. देखभालीसाठी पाणी घालायचा पाइप वर्तुळाच्या एका बाजूपर्यंत पुरला नव्हता. तिथे करपलेल्या गवताचे डाग पडले, आणि ते बरोबर हरवलेल्या दगडांच्या जागी होते. वर्तुळ कधी पूर्ण होते की नाही, या जुन्या वादात हा मोठा पुरावा ठरला.

या भागात ड्रोन नेऊ नये. इंग्लिश हेरिटेज आणि नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्था आपल्या जागेवरून उडवू देत नाहीत आणि शेजारी लष्करी हवाई हालचाल चालू असते. इतरत्रही 120 मीटरची मर्यादा आणि ड्रोन नजरेसमोर ठेवण्याचा नियम आहे. परवानगीसाठी शेतमालकाला भेटणे हे सर्वांत आधी.

तिसरा दिवस: सिल्चेस्टर

हॅम्पशरमधले हे रोमन नगर, कॅलेव्हा आत्रेबातुम. नंतरच्या काळात त्याच्यावर दुसरे शहर वसले नाही. सुमारे 40 हेक्टरांच्या भोवतीचा तट आजही बराचसा उभा आहे आणि त्याच्या कडेने चालता येते. आतल्या रस्त्यांची चौकट कोरड्या उन्हाळ्यात फिक्या पट्ट्यांनी दिसते.

इथे उलट जातीची खूण पाहायची. खंदकावर पीक तरारते. रस्ता, फरशी, भिंत यांवर मात्र मुळांना खाली जायला वाव नसतो, म्हणून तिथले रोप खुजे राहते, आधी पिवळे पडते आणि ओंबी लहान भरते. सरळ, फिकट, काटकोनात वळणारी रेघ दिसली तर दगडी बांधकाम. गडद, थोडी वळणदार रेघ दिसली तर मातीतला खंदक, असा पहिला अंदाज बांधावा. अपवाद इथेच भेटतो: भिंतीतले दगड नंतरच्या लोकांनी उपसून नेले असतील, तर रिकाम्या चरात भुसभुशीत माती भरते आणि भिंतीच्या जागी हिरवी रेघ येते. शिवाय 1890 ते 1909 या काळात इथे जवळजवळ सगळे नगर चर खणून तपासले गेले आणि ते चरही आता जमिनीचा भाग झाले आहेत. फोटोतली प्रत्येक रेघ रोमन आहे असे धरून चालता येत नाही.

चौथा दिवस: डॉर्चेस्टर-ऑन-टेम्स

ऑक्सफर्डच्या दक्षिणेचे हे गाव. विषय समजून घ्यायचा तर सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. सकाळी आधी नदीपलीकडच्या विटनहॅम क्लम्प्सवर चढायचे. टेकडी फार उंच नाही, पण तिथून टेम्सकाठचे सगळे सपाट रान खाली पसरलेले असते आणि तिरप्या उन्हात बार्लीतल्या रंगाचे पट्टे दुर्बिणीशिवायही कळतात. उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले की सकाळी ऊन उजवीकडून येते. त्या वेळी उंचीतला फरक सावलीने दिसतो. दुपारी सावली जाते आणि फक्त रंग उरतो. म्हणून शक्य झाल्यास दोन्ही वेळा वर जावे.

इथल्या खुणा एवढ्या स्वच्छ का, ते पाण्याच्या हिशोबावरून कळते. नदीकाठची जमीन म्हणजे रेती-गोट्यांचा थर आणि त्यावर पातळ माती. रेती-गोट्यांत मुळांना मिळू शकेल असे पाणी दर मीटर खोलीला जेमतेम 50-60 मिलिमीटर असते. जुन्या खंदकात साचलेल्या गाळमातीत तेच 150 ते 200 मिलिमीटर. म्हणजे एक मीटर खोल खंदकावरच्या रोपाला शेजाऱ्यापेक्षा सुमारे शंभर मिलिमीटर पाणी जास्त. इंग्लंडच्या उन्हाळ्यात उभे पीक दिवसाला तीन-चार मिलिमीटर पाणी ओढते. हा फरक महिनाभर पुरतो. शेजारचे रोप पोटरीत असतानाच ताण खाऊन पिवळे पडते; खंदकावरचे रोप हिरवेच राहते, उंच वाढते, उशिरा पिकते.

शेताच्या बांधावर बसून हे हाताने मोजता येते, फक्त पायवाट सोडून पिकात शिरायचे नाही. पायवाट जिथे हिरवा पट्टा ओलांडते तिथे थांबावे. पट्ट्याच्या बाहेरचे बार्लीचे ताट गुडघ्याच्या वरपर्यंत, खालची पाने वाळून कुरकुरीत, ओंबी सोनेरी आणि झुकलेली. दोन पावले पुढे पट्ट्यात ताट वीतभर जास्त उंच, खालचे पानही ओले हिरवे, फुटवे जास्त, ओंबी अजून ताठ. त्याहून पुढे पुन्हा वाळलेले. ही कड तलवारीने कापल्यासारखी नसते. पाऊण-एक मीटरच्या पट्ट्यात रंग बदलत जातो. खंदकाच्या तोंडाशी कडा ढासळून रुंद झालेल्या असतात आणि मुळेही आडवी पसरतात. फोटोवरून खंदकाची रुंदी सांगताना म्हणूनच हात आखडता घ्यावा.

मेजर जी. डब्ल्यू. जी. अ‍ॅलन याने 1930च्या दशकात स्वतःच्या विमानातून ऑक्सफर्डभोवतीच्या रेतीच्या जमिनींचे फोटो काढले. ते आज अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये आहेत. डॉर्चेस्टरच्या उत्तरेला दीड किलोमीटरहून लांब असा नवाश्मयुगीन कर्सस म्हणजे दोन समांतर खंदकांचा पट्टा, त्याच्या शेजारी बिग रिंग्ज हे दुहेरी खंदकाचे मोठे वर्तुळ, आणि भोवती थडग्यांची लहान कडी होती. त्यांतले फार थोडे आता शिल्लक आहे. ज्या रेतीमुळे खुणा दिसल्या, तीच रेती बांधकामाला हवी होती. रिचर्ड अ‍ॅटकिन्सनने 1946पासून खाणीच्या पुढे पुढे धावत उत्खनन केले. बिग रिंग्जच्या परिसरात आज खाणीतून झालेली तळी आहेत, आणि कर्ससचा एक भाग गावाबाहेरून काढलेल्या वळणरस्त्याखाली गेला. 1960मध्ये ऐतिहासिक स्मारकांच्या रॉयल कमिशनने नदीकाठच्या रेतीवरच्या स्थळांचा अहवाल काढला, तेव्हा देशभर हीच गत असल्याचे उघड झाले.

पीकखूण पाहून हरखून जाणे साहजिक आहे. पण जिथे ती इतकी ठळक आहे, तिथे वरचा बांध, उंचवटा, जुनी चालण्याची जमीन हे सगळे नांगराने आधीच नेलेले असते. उरलेला असतो तो खंदकाचा फक्त खालचा भाग. गावाच्या दक्षिणेला डाइक हिल्स पाहिल्यावर हे नीट कळते. लोहयुगातल्या वस्तीचे हे दुहेरी बांध 1870च्या सुमारास जमीनमालकाने पाडायला घेतले, त्यावर ओरड झाली आणि प्राचीन स्मारकांच्या 1882च्या कायद्यामागे हे प्रकरणही होते. बांध वाचले, आतले रान मात्र नांगरले जात राहिले. म्हणून बांध डोळ्यांना दिसतात आणि आतली गोल घरे नि खड्डे फक्त फोटोत. संरक्षित यादीत नाव आले म्हणजे नांगर थांबला असेही नाही. आधीपासून चाललेली नांगरट त्याच खोलीपर्यंत चालू ठेवता येते. दरवर्षी वारा-पावसाने थोडी माती गेली, तर तीच खोली जुन्या खंदकात आणखी खाली उतरते.

पाचवा दिवस: वेलंड खोऱ्यावरून उड्डाण

पीटरबरोजवळच्या लहान धावपट्टीवरून सेसना 172 हे छोटे विमान. पंख वर असलेले विमान हवे, नाहीतर पंखच फोटोत येतो. खिडकी पूर्ण उघडता येते का, तिचा अडसर काढायला चालेल का, हे वैमानिकाला आदल्या दिवशी विचारावे. काचेतून काढलेल्या फोटोत रंग मळतात आणि चकाकी येते. वेलंड खोऱ्याजवळ विटरिंगचा लष्करी विमानतळ आहे, त्याच्या हद्दीतून जायचे तर रेडिओवर परवानगी लागते. मार्ग आखतानाच ते धरून चालावे.

उंची 1,000 ते 2,000 फूट. खाली गेल्यास खूण मोठी दिसते, पण नकाशावर बसवायला लागणारे शेताचे कोपरे चौकटीबाहेर जातात. कॅमेऱ्याला 35 ते 85 मिलिमीटरची लेन्स, शटर एक हजारांश सेकंद किंवा त्याहून वेगवान, फोकस अनंतावर बांधलेला. कोपर किंवा लेन्स खिडकीच्या चौकटीला टेकवू नये, इंजिनाची थरथर थेट फोटोत येते. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात, लेन्सचे झाकण आणि हूड घरी. खिडकीतून काही खाली पडणे हा खरा धोका आहे.

खूण दिसली की वैमानिकाला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिशा सांगायची आणि लक्ष्य आपल्या बाजूला ठेवून पूर्ण गोल फिरायचे. हे फिरणे टाळू नये. एकाच शेताची एकच रेघ उन्हाच्या दिशेने पाहिली तर उठून दिसते आणि उन्हाकडे पाठ करून पाहिली तर जवळजवळ नाहीशी होते. प्रत्येक स्थळाचे चार तरी फोटो घ्यावेत: दोन जवळचे, एक जवळजवळ सरळ खाली पाहणारा आणि एक लांबचा, ज्यात रस्त्यांचा चौक किंवा चर्च येईल. लांबचा फोटो राहिला की घरी आल्यावर शेत ओळखता येत नाही. जीपीएस नोंदवतो ती विमानाची जागा. खूण तिथून किलोमीटरभर दूर असू शकते. उड्डाणाआधी जीपीएसच्या पडद्याचा एक फोटो काढून ठेवला की कॅमेऱ्याचे घड्याळ जुळवता येते.

मॅक्सी आणि एटनचा हा पट्टा खुणांनी गच्च भरलेला. एटनचे खंदकाने वेढलेले नवाश्मयुगीन आवार 1976च्या दुष्काळात हवाई फोटोत सापडले आणि फ्रान्सिस प्रायरने ते 1982 ते 1987 या काळात खणले. पण चकवा देणाऱ्या खुणाही इथे तितक्याच. हिमयुगात गोठलेली जमीन तडकून झालेल्या बहुकोनी भेगांचे जाळे थेट आवारांसारखे दिसते. ओळखायची खूण अशी: भेगांची रुंदी बदलत जाते, कोन अनियमित असतात आणि जाळे शेतभर कुठेच थांबत नाही. माणसाने खणलेल्या खंदकाला बहुधा दार असते, एखादी मोकळी जागा असते. माशाच्या काट्यासारखी मांडणी म्हणजे शेतातले पाण्याचे निचरा-नळ. अगदी सरळ, शेतांच्या हद्दी न जुमानता जाणारी रेघ बहुतेक गॅसची किंवा पाण्याची वाहिनी. समान अंतरावरच्या जोडरेघा ट्रॅक्टरच्या चाकांच्या. खत टाकताना चुकलेला पट्टा फिका, दोनदा पडलेला गडद. त्याची रुंदी यंत्राच्या पसाऱ्याएवढी नेमकी असते. दुसऱ्या महायुद्धातल्या सर्चलाइटच्या तळांची कडी तर कांस्ययुगीन थडग्यांच्या कड्यांसारखीच दिसतात. 1940च्या दशकातले उभे फोटो पाहिल्याशिवाय त्यांचा निवाडा करू नये.

आणखी एक अडचण नदीच्या गाळाची. काठालगत गाळाचा थर साठ-सत्तर सेंटिमीटरच्या वर गेला की खालचे काहीही पिकात उमटत नाही. शेत कोरे दिसते, पण खाली स्थळ शाबूत असते, आणि नांगर तिथवर पोचलेला नसल्याने ते जास्त चांगल्या स्थितीत असते.

सहावा दिवस: कॅस्टर सेंट एडमंड आणि आर्मिंगहॉल

नॉर्विचच्या दक्षिणेला ही दोन्ही स्थळे दोन-अडीच किलोमीटरच्या अंतरात आहेत. कॅस्टर सेंट एडमंड म्हणजे रोमन व्हेंटा इसेनोरुम. जुलै 1928च्या कोरड्या उन्हाळ्यात रॉयल एअर फोर्सने घेतलेल्या फोटोत तटाच्या आतले सगळे रस्ते उमटले. मार्च 1929मध्ये ‘द टाइम्स’ने तो फोटो छापला आणि लोकांनी उत्खननासाठी पैसे दिले. डोनाल्ड अ‍ॅटकिन्सनने 1935पर्यंत काम केले. आता जागा नॉर्फोक आर्किऑलॉजिकल ट्रस्टची आहे आणि आत कायमचे गवत ठेवले आहे. यामुळे स्थळ नांगरापासून वाचले. पण गवत सोशिक असल्याने 1928सारखे चित्र आता एखाद्याच कडक वर्षी मिळते. मला हा सौदा योग्य वाटतो. नकाशा मिळवायला दुसरे मार्ग आहेत. नॉटिंगहॅम विद्यापीठाने इथे जमिनीच्या चुंबकीय मोजणीतून रस्त्यांची चौकट पुन्हा काढली, तीही उन्हाळ्याची वाट न पाहता.

आर्मिंगहॉल खाजगी शेतात आहे, रस्त्यावरून बघून समाधान मानायचे. जागा ओळखायला विजेच्या तारांचे मनोरे उपयोगी पडतात. इन्सॉललाच जून 1929मध्ये इथे दोन एककेंद्री कडी आणि आत नालेच्या आकारात आठ गडद ठिपके दिसले. ग्रॅहम क्लार्कने 1935मध्ये खणल्यावर ते आठ प्रचंड ओकखांबांचे खड्डे निघाले. रस्त्यावरून शेतात काहीच दिसत नाही, आणि बहुतेक वर्षी विमानातूनही फारसे दिसत नाही. पेरणी उशिरा झाली, मे महिन्यात दोन पाऊस जास्त झाले किंवा बीटाचे वर्ष असले की सुमारे पाच हजार वर्षांमागचा आराखडा त्या हंगामापुरता बंद राहतो.

सातवा दिवस: टेबलावर

उरलेले काम नकाशावर रेघ ओढण्याचे. तिरपा फोटो सरळ करायला निदान चार ओळखीचे बिंदू लागतात, आणि ते खुणेच्या चारही अंगांना हवेत. चारही एकाच बाजूला असले तर दुसऱ्या टोकाला रेघ कुठल्या कुठे जाते. सहा ते आठ बिंदू घेतले की चूक किती आहे ते कळते. झाडाचा शेंडा, घराचे छप्पर, उंच कुंपणाची वरची कड हे बिंदू घेऊ नयेत. उंचीमुळे ते फोटोत बाजूला सरकलेले असतात. फाटकाचा खांब जमिनीला टेकतो ती जागा, रस्त्याच्या कडांचा छेद हे चांगले. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टिव्ह पर्याय निवडावा. जमीन सपाट असेल तर दोन मीटरच्या आत जमते. उतारावर लायडारची उंची वापरणारे सॉफ्टवेअर लागते, नाहीतर उतारावरचे वर्तुळ नकाशात अंड्यासारखे येते.

रेघ ओढताना दिसते तेवढेच ओढावे. वर्तुळाचा पाव भाग शेताच्या बांधापलीकडे गेला असेल आणि तिथे बटाटा असेल, तर तो पाव भाग मोकळाच सोडावा. गडद आणि फिकट खुणांना वेगळे रंग, शंकास्पद खुणांना तुटक रेघ. प्रत्येक नोंदीबरोबर तारीख, वेळ, पीक, पिकाची अवस्था आणि ग्रिडसंदर्भ लिहून ती त्या परगण्याच्या हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट रेकॉर्डकडे, म्हणजे तिथल्या पुरातत्त्व स्थळांच्या नोंदयादीकडे पाठवायची. स्थळ यादीत आधीच असले तरी पाठवावी, कारण नव्या फोटोत एखादे दार किंवा आतला खड्डा जास्त दिसलेला असतो. जी शेते कोरी दिसली त्यांचीही नोंद करावी: शेत कोणते, त्या दिवशी त्यात गहू होता की वाटाणा, जमीन रेतीची की गाळाची. पुढच्या कोरड्या वर्षी विमान कुठे वळवायचे हे त्याच यादीवरून ठरते.